खुर्च्या गोल मांडल्या, आता बोलणार कोण?

गेल्या अंकात आपण विचारलं होतं की तुमच्यापैकी कोण कोण कुठला गट चालवतं, भिशी असो, बचत गट असो, भजनी मंडळ असो, आणि तिथे नेमकं अडतं कुठे. उत्तरं भरपूर आली, काही तर व्हॉइस नोट, त्यातली एक कुकरच्या शिट्ट्यांसकट. सगळे प्रश्न घेता येणार नाहीत. नावं मुद्दाम टाकलेली नाहीत, ज्यांनी टाका म्हटलं त्यांचीही नाहीत, कारण तुमच्या गटातल्या बाकीच्यांनी तसं म्हटलेलं नाहीये. मी स्वतः आजारी माणसाची घरी काळजी घेणाऱ्यांचा गट चालवते त्यामुळे उत्तरं त्याच अंगाने येणार, हे आधीच सांगून ठेवते.

ताई, आमच्या सोसायटीत आणि आजूबाजूला बरेच जण आहेत ज्यांच्या घरी कुणाला ना कुणाला पार्किन्सन्स किंवा डिमेन्शिया आहे. मी रिटायर्ड नर्स. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारखं आपल्याकडेही काही असावं म्हणून क्लबहाउसमध्ये पहिली मीटिंग ठेवली. पंचवीसेक माणसं आली, खुर्च्या गोल मांडल्या होत्या, छान स्वागत केलं, "मोकळेपणाने आपापले अनुभव सांगा" म्हटलं आणि सगळे गप्प. शेवटी मीच तासभर आजाराची माहिती देत बसले. कुठे गडबड झाली?
— एक वाचक, नाशिक

अहो, पंचवीस माणसं आली हेच मोठं आहे. पहिल्या मीटिंगला लोक बोलायला येतच नाहीत, ते बघायला येतात, की इथे कोण कोण आहे, आपल्या ओळखीचं कुणी निघतंय का, ही बाई आपल्याला लेक्चर देणार का, आणि मधेच उठून जाता येईल का. त्यांना ते बघू द्यायचं.

पण पंचवीस जणांसमोर पहिल्याच दिवशी घरातलं बोलायचं म्हणजे स्टेजवर बोलल्यासारखंच झालं ना. यालोम म्हणून एक अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आहेत, गट-उपचारांवर त्यांचं मोठं काम आहे, ते 7-8 माणसांचा गट सगळ्यात चांगला मानतात. तुमचा गट उपचारांचा नाही, तरी आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. दहाच्या वर गेलात की जे आधीच बोलके आहेत तेच बोलतात आणि बाकीचे श्रोते होऊन बसतात. तर पुढच्या वेळी तीन गोल करा. तुमच्याखेरीज दोन शांत डोक्याची माणसं हाताशी घ्या, आणि शेवटची पंधरा मिनिटं सगळे एकत्र बसा.

आता प्रश्नाकडे. "अनुभव सांगा" हा प्रश्न फार मोठा आहे हो. ज्या बाईने चार वर्षं नवऱ्याला भरवलंय, धुतलंय, रात्री तीनदा उठून कूस बदलून दिलीय तिने सुरुवात कुठून करायची? मी पहिल्या फेरीला एकच विचारते, "आत्ता तुम्ही इथे आलाय, तर घरी तुमच्या जागी कोण थांबलंय?" उत्तर प्रत्येकाकडे असतं, एका वाक्यात देता येतं, त्यात उघडं पडल्यासारखं काही वाटत नाही. कुणी म्हणतं सून आहे, कुणी म्हणतं ब्युरोची मावशी आहे पण तिची ड्यूटी सहाला संपते, कुणी म्हणतं बाहेरून कडी लावून आलोय. हे शेवटचं वाक्य आलं की बाकीच्यांच्या माना वर होतात, कारण कडी लावून येणारे ते एकटे नसतात. तिथून पुढे तुम्हाला फारसं काही करावं लागत नाही.

फेरी सुरू करायच्या आधी सांगून टाकायचं की "पास" म्हटलं तरी चालेल, आणि पास म्हणणाऱ्याला मी परत फिरून विचारणार नाही. आणि खरंच विचारायचं नाही! शेवटी लाडाने "आता तरी बोला काकू, सगळे बोलले" असं केलंत की तो नियम खोटा ठरला, आणि त्या काकू पुढच्या वेळी येणार नाहीत, त्यांचं बघून आणखी दोघी येणार नाहीत.

जागेचं बघा. क्लबहाउसला बहुतेक ठिकाणी काचेची भिंत असते, शेजारी जिम, येणारे-जाणारे आत डोकावतात. सोसायटीतल्या शेजाऱ्याने आपल्याला "त्या" मीटिंगमध्ये बसलेलं बघितलं, एवढ्यानेही माणूस आक्रसतो. पडदा लावा किंवा सरळ जागा बदला, बालवाडीची खोली, देवळाचा छोटा हॉल, काहीही चालेल. दाराकडे पाठ करून कुणाला बसवू नका, उशिरा येणाऱ्यांसाठी दाराजवळच दोन खुर्च्या रिकाम्या ठेवा म्हणजे सगळा गोल ओलांडून यावं लागत नाही. पार्किन्सन्सचे पेशंट येणार असतील तर हाताच्या खुर्च्या लागतात, बिनहाताच्या हलक्या प्लास्टिक खुर्चीतून उठताना ती मागे सरकते आणि माणूस पडतो, तुम्ही नर्स आहात, तुम्हाला मी काय सांगणार. वेळ त्यांच्या गोळ्यांच्या हिशोबाने ठेवा, डोस उतरणीला लागला की हालचाल आखडते आणि बोलणंही जड होतं. टॉयलेट कुठे आहे ते सुरुवातीलाच मोठ्याने सांगा, कुणी विचारायची वाट बघू नका.

संपायची वेळ तर अगदी पाळायची. साडेपाच म्हणजे साडेपाच, रंगात आलेली चर्चा असली तरी. मावशीची ड्यूटी सहाला संपते त्या घरातल्या माणसाला साडेपाचनंतर तुमचं एक अक्षर ऐकू येत नसतं, त्याचं लक्ष घड्याळात असतं, आणि उठून जायची लाज वाटते म्हणून बसून असतो.

एक जरा नाजूक गोष्ट. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी रूढ केलेले शुभार्थी आणि शुभंकर हे शब्द तुमच्या कानावर असतील, शुभार्थी म्हणजे ज्याला आजार आहे तो आणि शुभंकर म्हणजे त्याची काळजी घेणारा. दोघांना एकत्र जरूर बसवा, गाणी म्हणा, व्यायाम करा, सहलीला जा. पण महिन्यातून एकदा तरी शुभंकर वेगळे बसले पाहिजेत. नवरा शेजारी बसलेला असताना "मला आता होत नाही" हे कुठली बायको बोलणार? आणि बोलली तर त्याने ते ऐकून काय करायचं? व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्यांना हे कधीच कळलंय, पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगणमध्ये पेशंटच्या बायकांचा "सहचरी" नावाचा गट वेगळा भरतो.

आणि तुमचं नर्सिंगचं ज्ञान, ते राहू द्या महिनाभर पिशवीत. कुणी गोळीबद्दल विचारलं तर "मीटिंग झाल्यावर सांगते" म्हणा. एकदा तुम्ही माहिती द्यायला लागलात की गोलात एक तज्ज्ञ आणि बाकीचे पेशंटचे नातेवाईक असं होऊन जातं, आणि त्या रांगेत ही माणसं रोजच उभी असतात.

मी उमेदमध्ये, म्हणजे सरकारच्या ग्रामीण बचत गटांच्या अभियानात, सीआरपी आहे, गावातल्या गटांना मदत करणारी कार्यकर्ती. गटाने पाळायच्या दहा सूत्रांत, दशसूत्रीत, आरोग्याचा विषय असतो, त्यावर बोलता बोलता एका बैठकीत बायका एकदम मोकळ्या झाल्या, मला पण छान वाटलं. एकीने नवरा हात उचलतो ते सांगितलं. दोन दिवसांत ते तिच्या सासूच्या कानावर गेलं, गटात तिची चुलत जाऊ आहे. आता ती बैठकीला येत नाही, बचतीचे पैसे पोराच्या हाती पाठवते. बाकीच्या पण गप्प झाल्यात. गटावर विश्वास परत कसा बसवायचा?
— एक ताई, जि. सातारा

आधी गट बाजूला ठेवू, ती बाई बघू. तिला भेटा, एकटीला, आणि तिच्या घरी नाही. शेतावर, रेशनच्या दुकानाकडे जाताना, जिथे तुम्ही दोघी नेहमीच बोलता असं वाटेल तिथे. "परत बैठकीला ये" हे तर बोलूच नका. तिला विचारा की सासूला कळल्यावर घरात काय झालं, आता तिला काय हवंय. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, महिलांसाठी 181 हा हेल्पलाइन नंबर आहे, मार खाताना मदत हवी असेल तर 112, एवढं तिच्या कानावर घाला. नंबर चिठ्ठीवर लिहून देऊ नका, ती चिठ्ठी कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही, तोंडपाठ करून घ्या. आणि तिला न विचारता तुम्ही परस्पर काहीच करायचं नाही, ना तिच्या नवऱ्याला समजावायचं, ना सरपंचांना सांगायचं. एकदा तिची गोष्ट तिच्या हातातून गेलीय, दुसऱ्यांदा तुमच्याकडून जायला नको.

कुणी सांगितलं याची चौकशी करू नका. सगळ्यांना माहीत आहे. भरबैठकीत जावेला उभं केलंत तर ज्या मारहाणीची गोष्ट होती तिचं दोन घरांचं भांडण होईल.

आता गटाचं. शहरातल्या प्रशिक्षणात आपल्याला शिकवतात की सुरुवातीलाच म्हणा, "इथलं बोलणं इथेच राहील". मला विचाराल तर वाडीवरच्या गटात हे वाक्य उच्चारूच नये, कारण ते पाळणं तुमच्या हातात नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचं उदाहरण नेहमी देतात. 1935 साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून ते सुरू केलं, तिथे माणूस फक्त पहिलं नाव सांगतो, मीटिंग संपली की आपापल्या वाटेने जातो, पटलं नाही तर दुसऱ्या ठिकाणच्या मीटिंगला जातो. तुमच्या गटात दहा-बारा बायका, त्यातल्या निम्म्या एकमेकींच्या जावा-नणंदा, पाणी एका ठिकाणी भरणाऱ्या, आणि मुख्य म्हणजे कुणाला उठून जाता येत नाही कारण बचत तिथे अडकलेली, कर्ज तिथलं, बँकेत गटाचं खातं. जिथून निघता येत नाही तिथे माणसाला मोकळं करताना दहा वेळा विचार करायचा.

म्हणून असा विषय निघायच्या आधीच स्वच्छ सांगा: "बायांनो, आपण इथे सगळ्या नात्यातल्या आहोत, जे उद्या पारावर गेलं तरी चालेल तेवढंच इथे बोलू. त्याच्या पलीकडचं असेल तर मला एकटीला भेटा." कडक वाटतं ऐकायला. पण यात कुणाची फसवणूक नाही. आणि गंमत म्हणजे एवढं सांगितल्यावर बायका उलट जास्त निर्धास्त बोलतात, कारण कुठपर्यंत बोलायचं ते त्यांचं त्यांनी ठरवलेलं असतं.

मग मारहाणीचं कधीच बोलायचं नाही का? बोलायचं, पण तिऱ्हाईताचं करून. "समजा एका गावात एक बाई आहे, तिचा नवरा असं असं करतो, तिने काय करावं?" असं टाका, बघा कशा तुटून पडतात, आणि जिला उत्तर हवं असतं ती गप्प बसून सगळं टिपून घेते. दुसरा मार्ग, प्रभागसंघाच्या पातळीवर अशी बैठक ठेवायची, तिथे पाच-दहा गावांच्या बायका येतात, आपल्या गावच्या बायका सोडून दुसऱ्या गोलात बसायचं. ओळख कमी असली की जीभ सैल होते.

दोन बारीक गोष्टी, पण त्यांनीच घोळ होतो. एक म्हणजे इतिवृत्ताचं रजिस्टर. ते ऑडिटला जातं, सचिवाच्या घरी कपाटावर पडलेलं असतं, पोरं त्यावर अभ्यास करतात, तेव्हा कुणाच्या घरातलं काही बोलणं झालं असेल तर त्यात "आरोग्यावर चर्चा झाली" एवढंच लिहा. दुसरं, बैठकीचा फोटो वर पाठवायचा असेल तर सुरुवातीलाच हसतमुख काढून घ्या आणि मग सगळ्यांचे मोबाईल सतरंजीच्या मधोमध पालथे ठेवा, तुमचा सगळ्यात आधी.

आणि एका बाबतीत तर गुप्त ठेवायचं वचन कुणालाच देऊ नका. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तुम्हाला, मला, सगळ्यांना. मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनवर फोन करता येतो. हे बायकांना आधीच माहीत पाहिजे, सांगून झाल्यावर कळलं तर त्यांना दगा दिल्यासारखं वाटेल, आणि ते बरोबरच आहे.

तुमच्या गटावर विश्वास कधी बसेल ते मी सांगू शकत नाही. सध्या दोन-चार बैठका नुसत्या बचतीच्या, हिशोबाच्या, वेळेवर सुरू होणाऱ्या आणि वेळेवर संपणाऱ्या होऊ द्या.

ज्येष्ठ नागरिक संघात आम्ही दर आठवड्याला "मनातलं" नावाचा कट्टा घेतो. एक निवृत्त सर आहेत, विद्वान माणूस, पण एकदा सुरू झाले की थांबत नाहीत, आणि दुसऱ्याने काही दुःख सांगितलं की लगेच "तुम्ही असं करा, माझं ऐका". लोक कंटाळून यायचे बंद झालेत. वयाने मोठे, बोलणार कसं?
— एक वाचक, डोंबिवली

प्रत्येक कट्ट्यावर एक सर असतातच. आमच्याकडे सर नाहीत, काकू आहेत.

सर्वसाधारणपणे सल्ला असा देतात की अशा माणसाला एखादी जबाबदारी द्या म्हणजे तो गुंतून राहील. माझं मत उलटं आहे, जबाबदारी दिलीत की तुम्ही त्यांच्या हातात माईक दिलात. त्यापेक्षा त्यांना समोर न बसवता तुमच्या अगदी शेजारी बसवा. समोर बसले की प्रत्येक वाक्याला नजरानजर होते आणि त्यांना वाटतं आपल्यालाच विचारतायत. शेजारी असले की हलकेच हात लावून थांबवता येतं, चारचौघांत शोभा होत नाही.

वेळेचा नियम सगळ्यांना सारखा लावा, प्रत्येकाला तीन मिनिटं, मोबाईलवर टायमर, तो वाजला की वाजला, अध्यक्षांचाही. थांबवायची वेळ आली तर नाव घेऊन, स्पष्ट, "सर, इथे तुम्हाला थांबवते, आता पाटीलकाकांची पाळी". "मला वाटतं की आपण जरा बाकीच्यांनाही..." असलं गुळमुळीत बोललात तर ते त्यावर आणखी पाच मिनिटं बोलतील.

सल्ल्याचं औषध एकच. नियम करा की "तुम्ही असं करा" हे वाक्य कट्ट्यावर चालणार नाही, "माझ्यावर अशी वेळ आली तेव्हा मी असं केलं" हे चालेल. सरांना हा नियम आदल्या दिवशी घरी जाऊन सांगा, त्यांचा मान राहील, आणि सांगताना "तुमच्यामुळे" हा शब्द गाळा. बहुतेक अशा माणसांकडे सल्ले चिकार असतात पण स्वतःवर आलेली वेळ त्यांनी कुणाला सांगितलेली नसते. कदाचित सरांच्या तीन मिनिटांत तेच निघेल.

मीटिंगमध्ये कुणी रडायला लागलं तर काय करायचं? मला फार घाबरायला होतं.
— एक वाचक, लातूर

काही करायचं नाही. पाण्याचा ग्लास जवळ सरकवून ठेवायचा, हातात कोंबायचा नाही. चारजणी उठून पाठीवरून हात फिरवायला लागल्या तर त्यांना डोळ्यांनी बसवायचं, कारण बऱ्याच जणांना अनोळखी हात नको असतो. थोड्या वेळाने विचारायचं, "थांबू या का, की बोलायचंय?" ती जे म्हणेल ते. संध्याकाळी एक फोन करायचा, भाजी काय केली विचारायला केला तरी चालतो.

आमच्या महिला मंडळाने ठरवलं की संक्रांतीचं हळदीकुंकू सगळ्याजणींसाठी करायचं. आमंत्रणात ठळक लिहिलं "सर्व महिलांना". तरी ज्यांचे मिस्टर गेलेत त्या मैत्रिणी आल्याच नाहीत, एकजण आली ती मागे कोपऱ्यात बसली आणि वाण घेऊन लगेच गेली. आमची इच्छा मनापासून होती हो.
— महिला मंडळाच्या एक सदस्य, सांगली

असणारच इच्छा. पण जिला वर्षानुवर्षं "सर्व सुवासिनींना" असं आमंत्रण जात होतं तिने एका वर्षी शब्द बदलला म्हणून लगेच यावं कसं? तिला भीती असते ती एका क्षणाची. करंडा घेऊन मुलगी एकेकीला कुंकू लावत येते, हिच्यासमोर आली की तिचा हात अर्धा सेकंद थांबतो, ती मागे आईकडे बघते, सगळ्या बघतात. तो अर्धा सेकंद नको म्हणून बाई घरी बसते.

तर तो क्षणच येऊ देऊ नका. हळदीकुंकवाचं ताट दाराशी टेबलावर ठेवा, जिला हवं ती आपल्या हाताने लावेल, जिला नको ती पुढे जाईल, कोण काय करतंय हे बघायला तिथे कुणी उभं राहू नका. गुलाबपाणी, तिळगूळ, वाण हे मात्र हातोहात, सगळ्यांना सारखं. आमंत्रण व्हॉट्सअॅपवर नको, घरी जा, आणि आधीच विचारा, "तुला कसं आवडेल?" काहीजणींना कुंकू मनापासून हवं असतं, काहींना ते नवऱ्याच्या आठवणीने नकोसं वाटतं, आपण पुरोगामी आहोत म्हणून तिच्या कपाळावर जबरदस्ती करायची नाही.

उखाणे टाळा. हे कुणाच्या लक्षातच येत नाही. नाव घ्यायचा खेळ सुरू झाला की विधवा, घटस्फोटित, लग्न न केलेल्या, नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या अशा सगळ्याजणी एका झटक्यात बाहेर पडतात. घ्यायचंच असेल तर स्वतःच्या नावाचा उखाणा घ्या, फार धमाल येते.

आणि कृपा करून "विधवा भगिनींचा सन्मान" म्हणून शाल-नारळ देऊन स्टेजवर उभं करू नका. त्यांना इतरांसारखं बसायचंय, वेगळ्या रांगेत नाही.

तुमच्याकडून फार लांब नाही, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाली त्याच महिन्यात, मे 2022 मध्ये, तिथल्या ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे बंद करायचा ठराव केला, आणि राज्य सरकारनेही लगेच बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सुचवलं. ठराव झाला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं बदलत नाही हे तिथल्याही बायका सांगतील. तुमचं तर पहिलंच वर्ष आहे. जी एक आली होती ना, पुढच्या संक्रांतीला तिला पाहुणी म्हणून बोलवू नका, आठवडाभर आधी वाण आणायच्या खरेदीला बरोबर घेऊन जा.

मी न्यू जर्सीत, आई पुण्यात, तिला डिमेन्शिया. माझ्यासारखे परदेशात राहणारे आणि भारतात प्रत्यक्ष काळजी घेणारे भाऊ-बहीण असे सगळे मिळून आम्ही ऑनलाइन गट सुरू केलाय. लोक कॅमेरा बंद ठेवतात, बोलत नाहीत.
— एक वाचक

कॅमेरा बंद असू दे. आईला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने मोबाईल पकडलेली बहीण असते तिकडे. फक्त सुरुवातीला प्रत्येकाने एकदा आवाज द्यायचा, म्हणजे खिडकीमागे खरं माणूस आहे हे कळतं. इअरफोन लावायची अट मात्र घाला, कारण आपलं बोलणं दुसऱ्याच्या हॉलमध्ये कोण कोण ऐकतंय हे समजत नाही. रेकॉर्डिंग नाही, आणि हल्ली मीटिंगची टिपणं काढणारे एआयवाले आपोआप घुसतात ते आले की लगेच बाहेर काढा.

पुण्यातले रात्री साडेआठ म्हणजे तुमच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे अकरा, हिवाळ्यात दहा. नोव्हेंबरात घड्याळ बदललं की तुमची वेळ बदला, पुण्याची नको, तिकडे आईच्या झोपेची वेळ ठरलेली असते. आणि तुमच्या गटाचा खरा पेच वेगळा आहे, लांबून पैसे पाठवणारा आणि जवळ राहून करणारा एकाच गोलात बसलेत, दोघांचा एकमेकांवर राग आहे. सख्ख्या भावंडांना एकाच छोट्या गटात टाकू नका, दुसऱ्याच्या बहिणीचं ऐकलं की आपल्या बहिणीचं जरा समजायला लागतं.

मीटिंग संपली, चपला घालता घालता एक ताई हळूच म्हणाल्या, "आता सगळं संपवून टाकावंसं वाटतं." मी "असं नाही बोलायचं" म्हटलं आणि त्या निघून गेल्या. दोन रात्री झोप नाही मला.
— एक वाचक, अमरावती

हा अंक हातात पडेपर्यंत तुम्ही थांबू नये म्हणून तुम्हाला आधीच फोनवर कळवलंय, इतरांसाठी इथे लिहिते.

महत्त्वाचं बोलणं पुष्कळदा दाराशीच होतं, तिथे उत्तर द्यायला वेळ नसतो म्हणूनच ते तिथे निघतं. म्हणून मीटिंगनंतरची वीस मिनिटं तुमची मोकळी पाहिजेत. अशा वेळी परत बसवायचं आणि सरळ विचारायचं, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो असं लोकांना वाटतं, तसं होत नाही, उलट कुणीतरी विचारलं याने हायसं वाटतं. हो म्हणाली तर तिला एकटी सोडायची नाही. घरातलं कोण चालेल ते तिलाच विचारून बोलवून घ्या, शक्य तितक्या लवकर डॉक्टरांकडे, मानसोपचारतज्ज्ञ असतील तर उत्तमच. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तिथूनच तिच्या शेजारी बसून लावा. तिच्या हाताशी गोळ्या वगैरे काही असेल, आत्ताच काही करेल असं वाटलं तर थेट 112 किंवा 108. "कुणाला सांगू नका" असं ती म्हणाली तरी हे गुपित ठेवायचं नसतं, आणि तसं तिला तोंडावर सांगायचं.

यापुढे तुम्ही तिच्या डॉक्टर होऊ नका. आणि तुमचंही ऐकणारं कुणीतरी पाहिजे, दुसरा गट चालवणारी एखादी मैत्रीण शोधा जिला अशा रात्री फोन करता येईल.

चहा मीटिंगआधी द्यावा की नंतर?
— एक वाचक, चिपळूण

दोन्ही वेळा. आधी अर्धा कप, कारण नवीन माणसाला हात कुठे ठेवावेत ते समजत नाही, कप असला की सोपं जातं. नंतर परत अर्धा, कारण ज्याला सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं तो तेव्हा तुमच्याजवळ येतो. कप विसळायचं काम दर वेळी बायकांकडेच जातंय का ते मात्र बघा, पुरुषांची पाळी लावा, कुरकुर करतील पण करतील. आणि बिनसाखरेचा चहा वेगळ्या थर्मासमध्ये, वर चिठ्ठी चिकटवून ठेवा, म्हणजे शुगर कुणाकुणाला आहे ते हात वर करून सांगायला लागत नाही.